एक्स-रे स्वच्छ आहे, म्हणून सहा महिने थांबू का?

हुपरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"माझं वय ३६. घरी बसून पैंजणांना घुंगरं जोडायचं काम करते. अडीच महिने झाले, दोन्ही हातांच्या बोटांच्या मुळाशी सहा सांधे सुजलेत. सकाळी दीड तास मूठ वळत नाही, भाकरी थापता येत नाही, कपडे पिळता येत नाहीत. श्रावणात ताप येऊन गेला होता, तेव्हा सगळ्यांना वाटलं चिकुनगुन्या असेल. शेवटी कोल्हापुरात तज्ज्ञांना दाखवलं. अँटी-सीसीपी १८० आलं (मर्यादा २०), आरए फॅक्टर पॉझिटिव्ह, सीआरपी २४, ईएसआर ५८ (दोन्ही सूज दाखवणाऱ्या तपासण्या), हिमोग्लोबिन १०.२. हातापायांचा एक्स-रे मात्र नॉर्मल. आमवाताची सुरुवात आहे म्हणून मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, फॉलिक ॲसिड, एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) २०० आणि काही दिवसांसाठी प्रेडनिसोलोन ७.५ दिलंय. मेथोट्रेक्सेटचे तीन डोस झाले, म्हणावा तसा फरक नाही. त्यात कागदावर ते कॅन्सरचं औषध असल्याचं वाचलं. भाचा फार्मसीला आहे, तो म्हणतो ही औषधं पेशींचे सिग्नल बंद करतात. जाऊबाई म्हणतात, एक्स-रे चांगला आहे तर सहा महिने सांधेदुखीवरची पुडी घेऊन बघ. गोळ्या थांबवू का? दुसऱ्या मुलाचाही विचार चालू आहे."

ताई,

गोळ्या थांबवू नका, सहा महिने थांबू नका, आणि पुडीला हात लावू नका. कारणं पुढे सविस्तर सांगतो. पण तुमच्या पत्राची शेवटची ओळ सगळ्यात तातडीची आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस गेले तर गर्भपात होऊ शकतो किंवा बाळात व्यंग येऊ शकतं, आणि सोबतच्या फॉलिक ॲसिडनं हा धोका टळत नाही. पाळी चुकली असेल किंवा जराशी शंका असेल तर पुढचा डोस घेण्याआधी लघवीची तपासणी करा. पॉझिटिव्ह आली तर डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. नसेल तर भरवशाचं गर्भनिरोधन कोणतं वापरायचं हे या आठवड्यातच विचारून घ्या. मूल हवं हे डॉक्टरांना आताच सांगून ठेवा, म्हणजे ते औषधांची आखणी त्या हिशेबानं करतील. मेथोट्रेक्सेट थांबवून साधारण तीन महिने जाऊ देतात आणि मधल्या काळात एचसीक्यू किंवा सल्फासॅलाझिनवर आजार धरून ठेवतात. ही दोन्ही गरोदरपणातही चालतात. लेफ्लुनोमाइड मात्र चालत नाही. आधी आजार शांत, मग बाळ, हा क्रम ठेवला तर बहुतेक जणींचं बाळंतपण नीट पार पडतं.

आता एक्स-रेबद्दल. तो स्वच्छ आला हे खरंच चांगलं झालं. पण जाऊबाई त्याचा जो अर्थ लावतात तो त्यात नाही. एक्स-रेत दिसतं ते हाड, आणि तुमचा आजार आज हाडात पोचलेला नाही. तो आहे सांध्याच्या पिशवीला आतून असलेल्या पातळ अस्तरात. या अस्तराला सायनोव्हियम म्हणतात. निरोगी सांध्यात त्याचा वरचा थर जेमतेम एक ते तीन पेशींचा असतो आणि तो सांध्यापुरतं वंगण बनवतो. गुडघ्यासारख्या मोठ्या सांध्यातही हे वंगण एक छोटा चमचा भरत नाही. तुमच्या बोटांच्या मुळाशी हेच अस्तर जाड झालंय, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरल्यात आणि पाणी साचलंय. एक्स-रेला यातलं फारसं काही दिसत नाही. सोनोग्राफीत डॉपलर लावून पाहिलं तर जाड अस्तर आणि त्यातला वाढलेला रक्तप्रवाह दिसतो. डॉक्टरांना बोटांनी दाबूनही ही सूज कळते, म्हणून त्यांनी एक्स-रेची वाट न पाहता औषध सुरू केलं.

निदान घाईनं झालं, असंही मनात आणू नका. २०१० साली अमेरिकन आणि युरोपियन संधिवात संघटनांनी मिळून गुणांची एक पद्धत ठरवली. १० पैकी ६ गुण झाले की हा आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिस, मानायचा. तुमचे सुजलेले लहान सांधे सहा, म्हणजे चार ते दहाच्या गटात, त्याचे ३. अँटी-सीसीपी मर्यादेच्या तिपटीहून जास्त, त्याचे ३. सीआरपी वाढलेला, १. सहा आठवड्यांहून जास्त काळ, १. बेरीज ८. चिकुनगुन्याची शंका रास्त होती, कारण त्यातही दोन्ही हातांचे सांधे असेच सुजतात आणि काहींना तीन महिन्यांनंतरही त्रास राहतो. आरए फॅक्टर तर कुठल्याही मोठ्या तापानंतर थोडाफार पॉझिटिव्ह येऊ शकतो. पण अँटी-सीसीपी इतकं चढलेलं चिकुनगुन्यात सहसा दिसत नाही.

हे अँटी-सीसीपी म्हणजे काय, ते कळलं की पुढचं सोपं जाईल. शरीरातली काही प्रथिनं विशिष्ट एन्झाइममुळे किंचित बदलतात. त्यांतल्या आर्जिनिन या घटकाचं सिट्रुलिन होतं. ज्यांच्यात विशिष्ट जनुकांची ठेवण असते त्यांची प्रतिकारशक्ती हा बदललेला तुकडा परका समजते आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करते. सिगारेट-विडीच्या धुरानं फुप्फुसात आणि हिरड्यांच्या जुनाट आजारात तोंडात असे बदल वाढतात. ही प्रतिपिंडं सांधा दुखू लागण्याच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात. म्हणजे श्रावणातल्या तापानं तुमचा आजार निर्माण केला, असं धरून चालू नका. आपल्या भागात बायका मिश्री लावतात म्हणून हेही सांगतो: तुम्ही लावत असाल तर सोडा. धूम्रपान आणि आमवात यांचं नातं पक्कं आहे, आणि तंबाखू हिरड्यांवर घासली की हिरड्या खराब होतात हेही पक्कं आहे. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडून साफ करून घ्या.

आता भाच्याचा शब्द, सिग्नल. त्यानं बरोबर सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं.

पेशी एकमेकींशी बोलतात त्या बारीक प्रथिनांतून. एका पेशीनं प्रथिन सोडायचं, दुसरीच्या पृष्ठभागावर त्याच्या मापाचा रिसेप्टर असतो, त्यात ते बसलं की आत निरोप जातो. तुमच्या अस्तरात सगळ्यात जोरात चाललेला निरोप टीएनएफ या प्रथिनाचा आहे. तो मुख्यतः प्रतिकारशक्तीच्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी सोडतात. टीएनएफ शेजारच्या पेशीच्या रिसेप्टरला चिकटला की आतली प्रथिनं एकापाठोपाठ एक जागी होतात. त्या पेशीत एनएफ-कप्पा-बी नावाचं एक प्रथिन एरवी आयकप्पाबी या दुसऱ्या प्रथिनानं जखडून ठेवलेलं असतं. निरोप आला की ही जखडणारी कडी तुटते, एनएफ-कप्पा-बी मोकळं होऊन पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि तिथली जनुकं चालू करतं. हे सगळं काही मिनिटांचं काम आहे. चालू होणाऱ्या जनुकांत असतात सुजेचे निरोप नेणारी आयएल-६ आणि आयएल-१ ही प्रथिनं, वेदना निर्माण करणारं कॉक्स-२, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा कापणारी एन्झाइमं, आणि खुद्द टीएनएफ.

या यादीत आयकप्पाबीचं जनुकही आहे, म्हणजे ज्या कडीनं हे प्रथिन जखडलं होतं ती कडी पुन्हा बनवायचा हुकूमही त्याच निरोपातून निघतो. म्हणूनच एखादा काटा बोचला, जंतू शिरला, तर सूज येते आणि चार दिवसांत आपोआप उतरते. शरीराची ही सोय फार सुंदर आहे. आमवातात मात्र प्रतिपिंडं सतत मॅक्रोफेजना डिवचत राहतात. जुना निरोप विझायच्या आत नवा येऊन थडकतो. टीएनएफमधून आणखी टीएनएफ, त्यातून आयएल-१, त्यातून पुन्हा तेच. तुम्ही चांदी आटवणारी भट्टी पाहिली असेल: भाता बंद केला की निखारा मंद होतो. इथे निखाराच भाता मारतो.

आयएल-६ची वाट थोडी निराळी. त्याचा निरोप पेशीत जेएके या एन्झाइमांमार्फत जातो आणि स्टॅट-३ हे प्रथिन जागं होतं. रक्तातून आयएल-६ यकृतात पोचतं आणि तिथे सीआरपी बनवायला लावतं. तुमचा सीआरपी २४ म्हणजे बोटांतल्या अस्तराचा आवाज यकृतापर्यंत गेल्याची नोंद. आयएल-६ पहाटे जास्त असतं. त्यावर ताबा ठेवणारं शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल अशा रुग्णांत त्या प्रमाणात वाढत नाही. त्यात रात्रभर सांधा न हलल्यानं पाणी साचून राहतं. सकाळची तुमची दीड तासाची आखड यातून येते. सासूबाईंच्या किंवा आईच्या गुडघ्याची आखड दहा-पंधरा मिनिटांत सुटत असेल तर ती बहुधा सांधेझीज, तिची यंत्रणा वेगळी. त्यांच्या गोळ्या तुम्ही घेऊ नका आणि तुमच्या त्यांना देऊ नका.

थांबायचं का नाही, याचं खरं उत्तर अस्तरातल्या दुसऱ्या पेशींत आहे. त्यांना फायब्रोब्लास्ट म्हणतात. एरवी त्या गरीब, वंगण बनवणाऱ्या. पण महिनोन्महिने टीएनएफ आणि आयएल-१ यांच्या माऱ्यात राहिल्या की त्यांच्या जनुकांवरच्या खुणाच बदलतात आणि त्या आक्रमक होतात. आमवाताच्या जुन्या रुग्णांच्या सांध्यातल्या या पेशी काढून, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत माणसाच्या निरोगी कूर्चेशेजारी ठेवून पाहिल्या गेल्या आहेत. तिथे त्यांना डिवचणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी नव्हत्या. तरी त्या कूर्चेत घुसल्या आणि ती कुरतडली. म्हणजे काही काळानं या पेशींना वरून निरोप यायची गरजच उरत नाही. त्या शिकलेलं विसरत नाहीत. त्या शिकायच्या आत त्यांच्या भोवतीचा कोलाहल शांत करायचा, यासाठी पहिले तीन ते सहा महिने मोलाचे मानतात. युरोपियन संघटनेच्या सूचनांनुसार लक्षणं दिसल्यापासून सहा आठवड्यांत तज्ज्ञांना दाखवावं आणि तीन महिन्यांत मूळ आजारावरचं औषध सुरू व्हावं. तुमचं अडीच महिन्यांच्या आत सुरू झालं. ही कमावलेली वेळ पुडीवर घालवू नका.

सहा महिने थांबलात तर आत काय होईल? कूर्चेचे मुख्य भाग दोन. पाणी धरून ठेवणारं ॲग्रिकन, आणि तिला ताकद देणारे कोलॅजनचे धागे. आधी जातं ॲग्रिकन. या टप्प्यावर सूज उतरली तर कूर्चेच्या पेशी ते बऱ्यापैकी पुन्हा भरून काढू शकतात. नंतर एमएमपी-१३सारखी एन्झाइमं कोलॅजन तोडतात, आणि ते तुटलं की तसं पुन्हा विणलं जात नाही. हाडाचं नुकसान वेगळ्या निरोपानं होतं. फायब्रोब्लास्ट आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी रँकएल नावाचं प्रथिन सोडतात. ते हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना जन्माला घालतं. या पेशी आम्ल सोडून हाड विरघळवतात. अस्तर जिथे हाडाला थेट चिकटतं आणि मध्ये कूर्चेचं आवरण नसतं, त्या कडेला पहिला खड्डा पडतो. पुष्कळदा तो हाताच्या आधी पायाच्या करंगळीच्या मुळाशी दिसतो, म्हणूनच डॉक्टरांनी पायाचाही एक्स-रे काढायला सांगितला. खड्डा एक्स-रेत दिसतो तेव्हा तो पडून गेलेला असतो, आणि सहसा बुजत नाही.

टीएनएफ या साखळीच्या तोंडाशी आहे हे कळलं ते लंडनमधल्या केनेडी इन्स्टिट्यूटमुळे. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटानं रुग्णांच्या सांध्यातलं अस्तर काढून प्रयोगशाळेत वाढवलं आणि फक्त टीएनएफ अडवून पाहिला. आयएल-१ही घसरलं. ही गोष्ट १९८९ची. १९९२मध्ये पहिल्या रुग्णांना टीएनएफ अडवणारं प्रतिपिंड दिलं गेलं, आणि २००३मध्ये दोघांना वैद्यकशास्त्रातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

साध्या वेदनाशामकाचं काम कॉक्स-२पुरतं. दुखणं कमी होतं, दिवस निभावतो, पण टीएनएफ, रँकएल, एन्झाइमं सगळं जागच्या जागी चालू राहतं. दुखत नाही म्हणून तुम्ही तोच सांधा जास्त वापरता, ते वेगळंच. गरजेपुरती गोळी चालेल, डॉक्टरांना विचारून. महिनोन्महिने मेडिकलमधून आणून खाल्ली तर जठर आणि मूत्रपिंड दोन्हींना इजा होऊ शकते.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड एनएफ-कप्पा-बीलाच दाबतं, म्हणून दोन-चार दिवसांत हलकं वाटतं. तुम्हाला ते दिलंय पुलासारखं, मेथोट्रेक्सेटचा गुण येईपर्यंत. हळूहळू कमी करत साधारण तीन महिन्यांत ते थांबवायचं असतं. आपल्या मनानं एकदम बंद करू नका. तीन आठवड्यांहून जास्त घेतलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतं, आणि गोळी अचानक थांबवली तर रक्तदाब पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. पुडीचा घात इथेच आहे. नाव नाही, घटक लिहिलेले नाहीत आणि दोन दिवसांत सांधे मोकळे होतात, अशी पुडी असली की तिच्यात स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यायचा. अशा भेसळी आणि शिसं-पारा यांसारखे धातू तपासण्यांत वारंवार सापडले आहेत. त्यात किती मिलिग्रॅम आहे हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. आधीच घेतली असेल तर लपवू नका. डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा, कारण ती थांबवायचीही रीत असते.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरसाठी वापरतात हे खरं. भारतीय शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखाली अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात फॉलिक ॲसिडवर जे काम झालं, त्यातून या जातीची औषधं निघाली आणि आधी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरली गेली. पण तिथल्या मोठ्या मात्रा शेकडो, कधी हजारो मिलिग्रॅमच्या असतात. तुमचे आठवड्याला १५. इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारायचं काम करत नाही. ते पेशीतलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे ॲडिनोसिन हा पदार्थ पेशीबाहेर झिरपतो, आणि ॲडिनोसिन शेजारच्या पेशींना शांत राहण्याचा निरोप देतो. भाच्याला हे सांगा: हे औषध सिग्नल नुसतं दाबत नाही, दुसरा एक सिग्नल वाढवतंही. अमेरिकेत १९८८पासून आमवातासाठी त्याला मान्यता आहे आणि आजही जगभर पहिलं औषध हेच.

तीन डोसांत फरक का नाही? मेथोट्रेक्सेट पेशीत शिरलं की त्याला एक शेपूट जोडली जाते आणि ते आतच अडकून राहतं. हा साठा आठवडेच्या आठवडे वाढत जातो. म्हणून गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, आणि म्हणूनच आठवड्यातून एकदा पुरतं. याच कारणानं रोज घेतलं तर ते विष होतं. या औषधानं जे मृत्यू झाले आहेत त्यांत रोज गोळी घेतली जाण्याची चूक पुन्हा पुन्हा आढळते. तेव्हा वार ठरवा, समजा रविवार, आणि तो कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. फॉलिक ॲसिड आठवड्याला किमान ५ मिलिग्रॅम, ते मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न घेता दुसऱ्या दिवशी. बाजारात मेथोट्रेक्सेटच्या आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची काही नावं सारखीच, ‘फोल’नं सुरू होणारी आहेत. पाकिटावर मेथोट्रेक्सेट हा शब्द स्वतः वाचा, वाचताना अडलं तर भाच्याला वाचायला लावा, आणि दोन्ही पाकिटं दोन वेगळ्या डब्यांत ठेवा. गोळीची ताकदही दर वेळी बघा. १५ मिलिग्रॅम म्हणजे अडीचच्या सहा गोळ्या. दुकानदारानं पुढच्या वेळी साडेसातची पट्टी दिली आणि तुम्ही सवयीनं सहा घेतल्या तर ४५ मिलिग्रॅम पोटात जातील. असं झालं किंवा चुकून रोज घेतली गेली, तर त्रास होईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या मोठ्या रुग्णालयात जा. फोलिनिक ॲसिड हा त्यावरचा उतारा आहे आणि तो जितका लवकर तितका उपयोगी.

मळमळत असेल तर डोस रात्री जेवणानंतर घ्या. तरी त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून त्याच दिवसात दोन भागांत घेता येतो, किंवा पोटावरच्या कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन मिळतं. दारू पूर्ण बंद. कोट्रायमोक्साझोल हे सल्फाचं अँटिबायोटिक या औषधासोबत घ्यायचं नाही, दोन्ही मिळून रक्तपेशी घटवतात. लघवीच्या जळजळीसाठी ते सर्रास लिहून दिलं जातं, म्हणून कुठल्याही दवाखान्यात गेलात की "मी मेथोट्रेक्सेटवर आहे" हे आधी सांगायचं. तोंड येणं, ताप, कोरडा खोकला आणि दम, अंगावर निळे डाग यांपैकी काही झालं तर पुढचा डोस थांबवून फोन करा.

पहिले तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि नंतर दर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन (रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांच्या तपासण्या) करायचं. पांढऱ्या पेशी ३,५०० च्या खाली, प्लेटलेट १,४०,००० च्या खाली किंवा एसजीपीटी १०० च्या वर गेलं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस नाही. सुरुवातीला कावीळ बी आणि सी तपासली नसेल तर आता करून घ्या. एचसीक्यूचा हिशेब वजनावर असतो, किलोला ५ मिलिग्रॅमपर्यंत. चाळीस किलो किंवा त्याहून जास्त वजनाला २०० बसतं. डोळ्यांचा पडदा सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी दाखवायचा.

गुण आला हे ठरवायचं कसं? "बरं वाटतंय" यावर सोडू नका. एक वही करा. रोज सकाळी उठल्याची वेळ आणि मूठ पूर्ण वळली ती वेळ लिहा. आठवड्यातून एकदा दुखणारे सांधे किती, सुजलेले किती, आणि त्रास ० ते १० मध्ये किती, हे लिहा. डॉक्टर २८ सांधे दाबून दुखणाऱ्यांची आणि सुजलेल्यांची संख्या घेतात, त्यात आजार किती जोरात आहे याचे ० ते १० मधले तुमचे आणि स्वतःचे असे दोन आकडे मिळवतात. ही बेरीज १० पर्यंत आली तर आजार मंद, २.८ किंवा कमी तर शांत. तीन महिन्यांत स्पष्ट उतार हवा आणि सहा महिन्यांत हे ध्येय गाठलेलं हवं. तसं झालं नाही तर तेच औषध तसंच चालू ठेवणं ही चूक ठरते. मेथोट्रेक्सेट २० ते २५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात, त्यात सल्फासॅलाझिन जोडतात. त्यानंतर जेएके अडवणाऱ्या टोफासिटिनिबसारख्या गोळ्या किंवा टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं. "माझी बेरीज किती आली?" हे दर भेटीत विचारा. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

सिग्नल बंद झाले तर चांगले सिग्नलही बंद होतील, ही भीती मोठ्या औषधांबाबत अनाठायी नाही. टीएनएफच क्षयाच्या जंतूंना फुप्फुसात कोंडून ठेवतो. म्हणून ती इंजेक्शनं किंवा जेएकेच्या गोळ्या सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी सक्तीची असते. तुमच्या आजच्या औषधांत सिग्नलांचा जोर इतपतच कमी केला जातो की रोजच्या संसर्गांशी शरीर लढू शकतं. मोठा ताप आला तर तेवढा आठवडा मेथोट्रेक्सेट थांबवायचं का, हे विचारून घ्यायचं.

आयुष्यभर घ्यावं लागेल का, हे आज सांगता येणार नाही. सहा महिने ते वर्षभर आजार पूर्ण शांत राहिला तर डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात. अँटी-सीसीपी जोरात असलेल्यांत पूर्ण बंद केल्यावर आजार उलटण्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून बहुधा थोडी मात्रा चालू राहील.

हिमोग्लोबिन १०.२ आहे म्हणून कुणी लगेच लोहाच्या गोळ्या देईल. पण आयएल-६ यकृताला हेप्सिडिन बनवायला लावतं, आणि हेप्सिडिन आतड्यातून लोह शोषू देत नाही, साठ्यातलंही बाहेर सोडत नाही. सूज उतरली की हिमोग्लोबिन बरंचसं आपोआप चढतं. पाळीत रक्त जास्त जात असेल तर लोहाची खरी कमतरताही सोबत असू शकते, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) तपासा. सुजेत फेरिटिन फुगलेलं दिसतं, तेव्हा ते १०० च्या खाली असलं तरी डॉक्टरांनी कमतरतेचा विचार करायला हवा. वांगं, टोमॅटो, दही, आंबट बंद करण्याची गरज नाही. त्यानं आमवात वाढतो असा पुरावा नाही, आणि तुमचं जेवण मात्र उणं होतं.

हातांचं काम सोडू नका, पद्धत बदला. सकाळी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून मूठ उघडझाप करा, मग अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावा, दहा-दहा वेळा. गरम सुजलेल्या सांध्याला जोर देऊन ताणू नका. भाकरी थापताना तळहाताचा मार बोटांच्या मुळावर बसतो, सूज उतरेपर्यंत पोळपाटावर लाटून करा. कपडे पिळण्याऐवजी नळावर टाकून निथळू द्या. घागर बोटांत न धरता हाताच्या घडीत, अंगाला लावून उचला. घुंगरं जोडताना बारीक पक्कड चिमटीत धरावी लागते, तिच्या दांड्यांवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा कापडाची पट्टी गुंडाळून जाडी वाढवा. दर वीस मिनिटांनी हात खाली ठेवा. मालकाकडून माल नगावर घेत असाल तर हे तीन महिने कमी नग घ्या, आणि सकाळच्या पाळीऐवजी दुपारी बसा, तेव्हा बोटं मोकळी असतात.

पुढच्या भेटीला जाताना वही, सगळे रिपोर्ट, मेथोट्रेक्सेटची चालू पट्टी आणि शेवटच्या पाळीची तारीख सोबत न्या.